माप बरोबर, जॉब जळलेला

भोसरी ते चाकण या पट्ट्यात ग्राइंडिंगचे काम करता करता माझे एक मत पक्के होत गेले. आपण जॉबचे माप तपासतो; त्याला किती आच लागली ते तपासत नाही. गिअर किंवा शाफ्ट किती वर्षे टिकेल हे मात्र बऱ्याच अंशी त्या आचेवर ठरते. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्याच्या आगेमागे आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, चिंचवडला एसकेएफ हे कारखाने उभे राहिले; पुढे चाकणला बजाजचा नवा कारखाना झाला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा. त्यांच्याभोवती शाफ्ट, पिन, बुश ग्राइंड करून देणारी छोटी वर्कशॉप वाढली. त्यांच्या हाती येणाऱ्या ड्रॉइंगवर व्यास, टॉलरन्स, फिनिश आणि हार्डनेस असतो. ग्राइंडिंग करताना पृष्ठभाग तापू द्यायचा नाही, हे अनेकदा त्यावर कुठेच लिहिलेले नसते.

ग्राइंडिंगला ही वेगळी काळजी का लागते, याचे उत्तर धातू कापला कसा जातो यात आहे. लेथवर इन्सर्टची धार निश्चित कोनात धातूत शिरते आणि कापताना तयार झालेली बहुतेक उष्णता चिपबरोबर बाहेर पडते. ग्राइंडिंग व्हीलच्या कणांना असा सोयीचा कोन नसतो. काही कण कापतात, काही नुसते नांगरतात, उरलेले घासत राहतात. म्हणून एक घन मिलिमीटर पोलाद काढायला लेथवर साधारण 2 ते 4 जूल ऊर्जा पुरते, तिथे ग्राइंडिंगला 20 ते 60 जूल लागू शकतात. शिवाय नेहमीचे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे व्हील उष्णता फारशी वाहून नेत नाही. तिचा मोठा वाटा जॉबमध्येच मुरतो. व्हील बोथट होऊन चमकू लागले, किंवा कूलंटची धार संपर्काच्या जागी न पडता बाजूला पडली, की हा वाटा आणखी वाढतो.

यावर नेहमीचे उत्तर येते, ‘साइज बरोबर आहे, हार्डनेसही तपासलाय, मग अडचण काय?’ उष्णता मापाला फसवते, हे प्रत्येक ऑपरेटर जाणतो. 25 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट 20 अंशांनी तापला तर सुमारे 6 मायक्रॉन फुगतो, म्हणून तो गार करूनच मायक्रोमीटर लावला जातो. पण गार झाल्यावर माप पूर्ववत होते, पोलादाची आतली रचना होत नाही. कमी तापमानाला टेम्पर केलेल्या पोलादाचा पृष्ठभाग त्या तापमानापलीकडे गेला की मऊ पडतो. फारच तापून कूलंटने झटकन निवला, तर तिथे ठिसूळ कडक थर तयार होतो आणि आजूबाजूच्या ताणामुळे बारीक भेगा पडू शकतात. रॉकवेल चाचणीत 60 एचआरसीला हिऱ्याचे टोक सुमारे 80 मायक्रॉन आत जाते. जळलेला थर 20-30 मायक्रॉनचा असला तर डायलवर प्रामुख्याने खालच्या चांगल्या पोलादाचाच आकडा उमटतो. निळसर डाग दिसेल म्हणावे, तर शेवटच्या हलक्या पासात डाग निघून जातो, नुकसान खाली राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो पैशाचा आहे. वेळेवर ड्रेसिंग करायचे, म्हणजे बोथट व्हील पुन्हा धारदार करायचे, तर व्हील झिजणार, मशीन थांबणार, आणि जॉबवर्कचा रेट तर नगावर ठरलेला. तो रेट ठरवताना ड्रेसिंगची मिनिटे धरलेलीच नसतील, तर दोन ड्रेसिंगमधले अंतर वाढवणाऱ्या मालकाला एकट्याला दोष देता येत नाही. मला यात तपासणीच्या अभावाइतकाच रेट काढण्याच्या पद्धतीचा दोष दिसतो. ‘फील्डमधून तक्रार नाही’ हा युक्तिवादही पुरेसा नाही. फटिगची भेग लाखो फेऱ्यांनंतर वाढते, आणि भाग तुटेपर्यंत तो कोणत्या व्हीलखालून गेला होता याची नोंदच उरलेली नसते. मग संशय मटेरियलवर किंवा हीट ट्रीटमेंटवर जातो.

आता सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) इन्सर्टने हार्ड टर्निंग होते, म्हणजे कडक केलेले पोलाद लेथवरच कापले जाते, आणि इलेक्ट्रिक गाडीत फिरते भागही कमी, तेव्हा ही चर्चा जुनी झाली, असेही म्हटले जाते. काही जॉब लेथवर जातील, हे खरे. पण बोथट इन्सर्टही ठिसूळ पांढरा थर तयार करतो, म्हणजे प्रश्न मशीन बदलून सुटत नाही. आणि इंजिनाचा आवाज गेल्यावर गिअरची कुरकुर ठळक ऐकू येते, त्यामुळे गिअरच्या दातांचे ग्राइंडिंग उलट अधिक काटेकोर मागितले जाते. उपाय आवाक्याबाहेरचा नाही. अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक आम्लाने, म्हणजे नायटलने, नमुन्याचा जॉब एच केला की मऊ पडलेली जागा काळसर आणि पुन्हा कडक झालेली पांढरट दिसते. हातमोजे, खेळती हवा आणि आम्लाची नीट विल्हेवाट एवढी शिस्त त्याला लागते. मोठ्या कंपन्यांनी ड्रॉइंगवर ही चाचणी लिहावी, किती जॉबनंतर ड्रेसिंग करायचे ते व्हेंडरबरोबर ठरवावे आणि त्या वेळेचे पैसे रेटमध्ये द्यावेत. मागणी कागदावर नसेल आणि पैसे रेटमध्ये नसतील, तर शॉप फ्लोअरवर मिळेल ते फक्त माप.