कळते, पण वळत नाही

पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याला काही तासांत जामीन मिळाला, त्यासोबत तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट आली आणि सगळा महाराष्ट्र खवळला. ‘त्याला सज्ञान समजूनच खटला चालवा’ ही मागणी तेव्हा घरोघरी ऐकू येत होती. पोलिसांनी तसा अर्ज केला. बाल न्याय मंडळाने तो जुलै २०२५ मध्ये फेटाळला. या गदारोळात शिक्षा किती हवी यावर भरपूर बोलले गेले. अल्पवयीन मुलाला सज्ञान मानायचे की नाही, हे कायदा कशावरून ठरवतो, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. सोळा-सतराच्या मुलांची पारख करायला कायद्याने जी फूटपट्टी दिली आहे, तिने जे मोजायला हवे ते मोजलेच जात नाही.

ही फूटपट्टी आली कुठून? डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या खटल्यात एक आरोपी अल्पवयीन होता. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येत होते, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला. त्याच महिन्यात राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार, किमान सात वर्षे शिक्षेचा गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर मंडळाने ‘प्राथमिक मूल्यांकन’ करायचे. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: असा गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि ज्या परिस्थितीत तो घडल्याचे सांगितले जाते ती परिस्थिती. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि मुलगा प्रथम हजर केल्यापासून तीन महिन्यांत हे उरकायचे असते. सज्ञान म्हणून खटला चालवावा असे मंडळाला वाटले, तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते.

आता हे मूल्यांकन प्रत्यक्षात कसे होऊ शकते ते पाहा. निरीक्षणगृहाच्या एका खोलीत मुलगा समुपदेशकासमोर बसतो. चाकू मारला तर काय होते? माणूस मरतो. मग काय होते? पोलीस पकडतात. हे वाईट आहे हे ठाऊक होते का? हो. बुद्ध्यांक सर्वसाधारण येतो, शरीर धडधाकट असते, आणि ‘परिणाम समजण्याची कुवत आहे’ असा अहवाल तयार होतो. पण ही उत्तरे तर दहा वर्षांचे पोरही देईल. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि इतर मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून असे दिसले आहे की, शांतपणे विचार करायला वेळ मिळाला तर सोळाव्या वर्षीची तर्कबुद्धी प्रौढांच्या जवळपास पोचलेली असते. आवेग आवरणे, सोबत्यांच्या दबावापुढे टिकणे, दूरचा तोटा आजच्या थरारापेक्षा मोठा मानणे या गोष्टी मात्र विशीत जाऊन पक्व होतात. संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुले जास्त धोका पत्करतात, प्रौढांवर मित्रांचा तसा परिणाम दिसत नाही, असे स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या एका प्रयोगात आढळले. कळते, पण वळत नाही, अशी या वयाची अवस्था असते. आणि आपला कायदा कळते का एवढेच विचारून थांबतो.

गुरुग्रामच्या एका शाळेतील खून प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास हेच सांगितले. साधारण बुद्ध्यांकाच्या मुलाला आपल्या कृतीचे परिणाम बुद्धीने कळतात, पण तो स्वतःला आवरू शकेल का हे भावनिक क्षमतेवर अवलंबून असते, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक ठरवले. हे योग्यच झाले. पण तज्ज्ञ आणला तरी एक पेच सुटत नाही. हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, असे कायदाच सांगतो. म्हणजे गुन्हा सिद्ध झालेला नसतो. मुलगा ‘मी केलेच नाही’ म्हणाला, तर न केलेल्या कृत्यामागची परिस्थिती तज्ज्ञाने विचारायची तरी कशी? आणि आज मनाची जी स्थिती दिसते, त्यावरून कित्येक आठवड्यांपूर्वीच्या त्या एका क्षणाचा निवाडा कसा करायचा?

यावर आक्षेप येतात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. ज्यांचे माणूस गेले त्यांना मेंदूच्या वाढीचे काय सांगता, हा पहिला. दुसरा असा की, हल्ली टोळ्या मुद्दाम अल्पवयीन पोरांच्या हाती कोयते देतात, मग सवलत कशाला? दुसऱ्याचे उत्तर कायद्यातच आहे: मुलांना बेकायदा कामांसाठी वापरणाऱ्या प्रौढांना कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. जरब बसवायची तर त्या हातांवर बसवावी. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. खून किंवा बलात्कारासाठी तीन वर्षांची कमाल मर्यादा अपुरी वाटू शकते, हे मला मान्य आहे. पण मुलाला प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत ढकलल्याने समाज सुरक्षित होतो, याला आधार नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकात राज्याराज्यांनी हा मार्ग धरला. तिथल्या रोग नियंत्रण केंद्रांनी नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २००७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा अशी मुले सुटल्यावर पुन्हा हिंसक गुन्हे जास्त करतात असे दिसले, आणि हा मार्ग टाळावा अशी शिफारस त्याने केली. शिवाय अल्पवयीनांच्या गुन्ह्यांचा पूर आला आहे, ही समजूतही नोंदींशी जुळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये देशात अशी ३१,१७० प्रकरणे नोंदली गेली, २०२२ मध्ये ३०,५५५. एकूण दखलपात्र गुन्ह्यांच्या जेमतेम अर्धा टक्का.

मग गंभीर गुन्ह्यांचे करायचे काय? उत्तराचा धागा याच कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. सज्ञान म्हणून शिक्षा झालेला मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत सुरक्षित स्थळी राहतो. शिक्षा उरली असेल तर त्या वेळी बाल न्यायालय त्याच्यात सुधारणा झाली का ते तपासते, आणि मगच सोडायचे की तुरुंगात पाठवायचे हे ठरवते. तोवर परिविक्षा अधिकाऱ्याच्या नोंदी, शिक्षण, वर्तन, उपचार असा वर्षांचा पुरावा हाताशी आलेला असू शकतो. हा प्रश्न योग्य आहे, कारण त्याचे उत्तर तपासता येते. म्हणून प्राथमिक मूल्यांकनाची चाळणी काढून टाकावी. गुन्हा सिद्ध झाल्यावर अत्यंत गंभीर प्रकरणांत मंडळालाच तीन वर्षांपुढे, पण ठरावीक वयापर्यंत, मुलाला सुरक्षित स्थळी ठेवण्याचा अधिकार द्यावा आणि दरवर्षी फेरतपासणी सक्तीची करावी. त्यासाठी परिविक्षा अधिकारी आणि मानसतज्ज्ञ पुरेसे नेमावे लागतील. तो खर्च सरकारने टाळला, तर कायदा कितीही कडक करा, मुलगा बाहेर येईल तेव्हा तो बदलला आहे की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.