देवघरातला शाळिग्राम

सोलापूरला नवी पेठेत खाली आमचं चादरींचं दुकान आणि वर घर. दुकानाचे जुने गिऱ्हाईक असलेले भूगर्भशास्त्राचे सर एकदा चहाला वर आले. देवघरात आजीचा शाळिग्राम होता, गंडकीहून आलेला. सरांनी हातपाय धुतले, आजीला विचारलं. आजीने तो माझ्या तळहातावर ठेवला. सरांनी स्वतः बोटही न लावता मला दाखवला.

काळ्या गोट्याच्या कपारीत वेटोळं, त्यावर जवळजवळ बारीक वळ्या. “चक्र,” आजी म्हणाली. “चक्रच आहे, आजी,” सर म्हणाले. “समुद्रातल्या जिवाचं घर. माकुळाच्या नात्यातला अ‍ॅमोनाइट. हिमालय उठला नव्हता, तिथे समुद्र होता, तेव्हाचा.” आजीने नमस्कार केला. सरांनीही.

खाली दुकानात येऊन त्यांनी वडिलांना विचारलं, “ही मोराची नक्षी कधीची?” वडिलांनी काठ पाहिला. “दोन-तीन वर्षंच चालली ही. नंतर बंद.” “आणि ही पट्ट्यांची?” “ती वडिलांच्या वेळेपासून आहे. तिच्यावरून काय कळणार?”

“हेच,” सर माझ्याकडे वळले. अ‍ॅमोनाइटांची नक्षी भराभर बदलायची आणि समुद्रासमुद्रांतून दूरवर पसरायची. म्हणून तोच प्रकार दोन दूरच्या खडकांत सापडला, तर ते थर साधारण एकाच वेळचे. अल्बर्ट ओपेल यांनी याच रीतीने युरोपातल्या ज्युरासिक थरांची पाळी लावली, आणि 1863 ते 1865 मध्ये म्युनिकमध्ये बसून स्पितीच्या अ‍ॅमोनाइटांवर लिहिलं. शंख पाळी सांगतो, वर्षं नाही. वर्षांसाठी ज्वालामुखीच्या राखेतली खनिजं मोजावी लागतात. सोलापूरच्या पायाखालचा काळा पाषाण तर गोठलेला लाव्हाच, त्यात असा शंख शोधून उपयोग नाही. हे सगळं मी त्या दुपारी, चादरींच्या थप्पीवर बसून ऐकलं. पुढे वर्गात कितीतरी ऐकलं, पण इतकं लख्ख काही कळलं नाही.

एक गोष्ट सर जाताना म्हणाले: “नदीने याला थरातून सोडवून आणलं. कुठल्या थरातला, ते आता विचारायला जागा नाही.”

बऱ्याच वर्षांनी कच्छात, भूजजवळ, ढोसा थरात पहिला अ‍ॅमोनाइट माझ्या हाताला लागला. अंगठा आपसूक वळ्यांवरून फिरला. संध्याकाळी सोलापूरला फोन केला. सरांचा आवाज थकला होता. अभिनंदन नंतर, आधी त्यांनी विचारलं,

“उचलण्याआधी थर लिहून ठेवलास ना रे?”