चितरीची संध्याकाळची भूक

राहुरीच्या आठवडे बाजारातून आजीनं चितरीला आणलं तेव्हा ती तलंग होती. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, तुरा एका बाजूला कललेला. अंड्यावर आली तशी ती साऱ्या खुराड्याची मालकीण झाली.

पहिल्याच उन्हाळ्यात तिची अंडी मऊ पडू लागली. वरचं टरफलच नाही, नुसता पापुद्रा. उचललं की ओल्या चामड्यासारखं लागे आणि बोट दाबलं की खळगा तसाच राही. शेजारणी म्हणाल्या, कोंबडीला नजर लागली. आजी मात्र दिवसभर चितरीवर डोळा ठेवून बसली. दिवस कलला की चितरी न्हाणीच्या भिंतीशी जाऊन चुन्याचे पोपडे टोचून खायची. आजी म्हणाली, “भिताड खाती म्हंजे हिच्या अंगात कायतरी कमी पडतंय.”

आजीचा अंदाज अचूक होता. एका अंड्याच्या टरफलाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, आणि शंभर ग्रॅम बाजरीत ते 50 मिलिग्रॅमसुद्धा नसतं. टरफल चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, कोंबडी खुराड्यात उपाशी बसलेली असते तेव्हा. पोटातलं संपलं की ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. त्यात नगरचा वैशाख! कोंबडीला घाम येत नाही. चोच वासून ती धापा टाकते, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्तातलं कार्बोनेटचं गणित बिघडतं आणि टरफल आणखी पातळ होतं.

मुळेच्या कोरड्या पात्रातून आजी शिंपल्या वेचून आणायची आणि दगडानं ठेचून ज्वारीएवढे तुकडे करायची. पीठ करायची नाही. पीठ पोटातून लवकर पुढं सरकतं, तुकडे रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. घरातल्या अंड्यांची टरफलंही ती तव्यावर भाजून, चुरून द्यायची. आख्खी टाकली तर कोंबड्यांना अंडी फोडायची खोड लागते. हे सगळं वेगळ्या करवंटीत, संध्याकाळी. दाण्यात कधीच कालवलं नाही. किती खायचं ते चितरीनं ठरवायचं, आणि ती खरोखरच ठरवायची. खुडूक बसली की करवंटीकडं ढुंकूनही पाहायची नाही. अंडंच घालायचं नाही तर चुना कशाला? पिल्लांना मात्र आजी करवंटीजवळ फिरकू देत नसे, आणि ते योग्यच होतं. कोवळ्या वयात जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं.

महिना सरायच्या आत अंडी टणक झाली. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टिचकवून आजी आवाज ऐकायची आणि मगच रवणाला ठेवायची. चितरीच्या अंड्यांवर आमच्या आळीत कितीतरी खुराडी भरली.

वय झालं तशी तिची अंडी मोठी होत गेली. टरफलाला चुना तेवढाच, तो मोठ्या अंड्यावर पसरायचा. म्हणून पुन्हा चिरा दिसू लागल्या. पुढं अंडी थांबली, तेव्हा तिला चांगलं गिऱ्हाईक आलं होतं. “हाडं झिजवून अंडी दिली तिनं. तिला नाय विकायची,” असं सांगून आजीनं त्याला दारातूनच परत पाठवलं. चितरी म्हातारी होऊन आमच्याच अंगणात मेली.