फ्रेंच रेघ, मुंबईचं सागवान

न्यूकॅसलहून दक्षिणेला निघालेल्या गाडीला सीहॅम सोडल्यावर डाव्या हाताला उत्तर समुद्र लागतो. करड्या रंगाचा, थंड, आपल्या कोकणातल्या समुद्राशी काही नातं न सांगणारा. पण माझं लक्ष फोनवरच्या एका चित्राकडे होतं. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ब्रिटिश आरमाराचे जुने आराखडे आहेत, त्यांतल्या 'लीडा' वर्गाच्या फ्रिगेटचं ते चित्र. एकाच कागदावर जहाज तीन बाजूंनी मांडलेलं. बाजूने पाहिलेलं पूर्ण. वरून पाहिलेलं मात्र अर्धंच, कारण उरलेलं अर्धं हुबेहूब तसंच असणार. तिसऱ्या आकृतीत अर्ध्या भागात पुढच्या बरगड्या, अर्ध्या भागात मागच्या, कापलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकीत एक. एक फुटाला पाव इंच हे माप. दीडशे फुटांची लढाऊ फ्रिगेट गजभर कागदात मावते.

मी निघालो होतो हार्टलपूलला. या गावाचं नाव काढलं की इंग्रज हसतात. नेपोलियनच्या काळात इथे एक फ्रेंच जहाज बुडालं, त्यावरचं एक माकड तेवढं किनाऱ्याला लागलं, आणि गावकऱ्यांनी त्याला फ्रेंच हेर समजून फासावर दिलं, अशी आख्यायिका आहे. गावाला तिची लाज नाही. फुटबॉल संघाचं बोधचिन्ह माकड आहे, आणि 2002 साली त्या माकडाचा वेश घालणारा तरुण चक्क महापौर म्हणून निवडून आला. अशा गावानं आपल्या गोदीत जे जहाज जिवापाड जपलं आहे, त्याचा आकार एका फ्रेंच माणसानं आखलेला आहे. माकडाला हे कळलं असतं तर!

जहाजाचं नाव 'ट्रिंकोमाली'. तीन डोलकाठ्या, काळा-पांढरा रंग, आणि नाळेवर पागोटं घातलेल्या पुरुषाचा कोरीव पुतळा. जन्म मुंबईचा. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं.

आकाराचा मूळ धनी जाक-नोएल साने, ब्रेस्तचा. फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियन या दोन्ही काळांत फ्रान्सची लढाऊ जहाजं प्रामुख्याने याच्या रेघांवरून बांधली गेली. प्रत्येक बंदरात मिस्त्रीच्या मर्जीनुसार जहाज व्हायचं, त्याऐवजी एकाच आराखड्यावरून डझनभर जहाजं काढायची, ही शिस्त रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. त्याची 'एबे' नावाची फ्रिगेट सप्टेंबर 1782 मध्ये इंग्रजांच्या हाती लागली, तीही जवळपास न लढता. इंग्रजी जहाजाचा पहिलाच गोळा एवढा जड होता की फ्रेंच कप्तानाला समोर फार मोठं जहाज आहे असं वाटलं.

इंग्रजांनी मग 'एबे' कोरड्या गोदीत घेऊन तिची मापं काढली. उभ्या जहाजावरून कागद करायचा, म्हणजे शिवलेला अंगरखा उसवून त्यावरून बेतणी करण्यासारखं. त्या कागदावरून 1800 साली 'लीडा' झाली, आणि पुढे त्याच घडणीच्या चाळीसहून अधिक फ्रिगेटी. साने 1831 पर्यंत जगला. शत्रूनं आपल्या रेघा इतक्या आवडीनं गिरवल्या याचं त्याला काय वाटलं असेल?

युद्धापायी इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला, तेव्हा आरमाराची नजर मुंबईच्या सागवानाकडे वळली. 1812 मध्ये मुंबईत 'ट्रिंकोमाली' बांधायचा हुकूम निघाला आणि तिचे आराखडे 'जावा' या फ्रिगेटवर चढले. 'जावा' निघाली नोव्हेंबरात. 29 डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं तिला गाठलं, डोलकाठ्या उडवल्या, आणि नंतर पेटवून दिलं. मुंबईची फ्रिगेट कागदावरच बुडाली. नवे आराखडे पाठवावे लागले.

त्याच 'जावा'वर हिंदुस्थानात नेमणूक झालेला एक लेफ्टनंट जनरल होता, टॉमस हिस्लॉप. अमेरिकनांनी त्याला वचनावर सोडलं. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असायला हवं. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव केला तो यानंच, आणि दोन महिन्यांनी तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराला फासावर दिलं तेही यानंच. आराखडे गेले, हिस्लॉप तेवढा पोचला. उलट झालं असतं तर, असं डेकवर उभं राहून मनात आलं खरं.

नवे कागद आले जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाती. वाडिया म्हणजेच जहाज बांधणारा. लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून गोदी या घराण्याकडे. आराखडा आला की तो जमिनीवर खऱ्या मापात उतरवायचा, त्यावरून पातळ फळ्यांचे फरमे कापायचे, आणि फरमा खांद्यावर टाकून लाकडाच्या ढिगात त्या वळणाचा तुकडा शोधत हिंडायचं. ओक वाकडातिकडा वाढतो, त्यात गुडघे-कोपर आयते सापडतात. साग सरळसोट. हे वळण त्यातून कसं काढायचं, याबद्दल कागद गप्प असतो. तिथे सुताराची करवत बोलते. कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याची वाडियांची रीत होती, तोही कुठल्या आराखड्यात दिसत नाही. याच जमशेटजींनी एका जहाजाच्या आतल्या तुळईवर, हे एका काळ्या माणसानं बांधलं आहे, असं शिवी जोडून कोरून ठेवलं होतं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, मला ती आवडते.

जहाज तयार होईपर्यंत युद्धच संपलं होतं. इंग्लंडला जाताना जानेवारी 1819 मध्ये ते सेंट हेलेनाला थांबलं, तेव्हा नेपोलियन तिथेच कैदेत होता. पुढे पोर्ट्समथला पाव शतक नुसतं उभं. नंतर पॅसिफिकच्या फेऱ्या, आरमारी तालीम, 1897 मध्ये भंगारात विक्री, तिथून सुटका, 'फूद्रोयाँ' हे उसनं नाव घेऊन मुलांची शाळा. 1987 मध्ये ते हार्टलपूलला आणलं आणि 2001 पर्यंत दुरुस्ती चालली.

खालच्या डेकवर मान वाकवूनच चालावं लागतं. एका बरगडीला हात लावला. थंडगार, गुळगुळीत, दोनशे वर्षांनीही घट्ट. फोन काढून कागदावर तीच बरगडी शोधू लागलो. रेघा जवळजवळ, अंधार, चष्मा वर-खाली. तिसरी की चौथी, ठरेना. मनात मात्र वेगळाच हिशेब सुरू झाला होता. 12 ऑक्टोबर 1817 ला हे लाकूड मुंबईच्या पाण्यात उतरलं, आणि पेशव्यांची इंग्रजांशी खडकीची लढाई झाली 5 नोव्हेंबरला. चोवीस दिवस.