पाच पायांचा गडी

बत्तीस वर्षं मी शाळेत ड्रॉइंग शिकवलं. त्यातली पहिली काही वर्षं कसं शिकवलं, हे सांगताना आज लाज वाटते. पण एका चित्राचं ऋण मानायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तालुक्याच्या वाचनालयात, काळ्यापांढऱ्या छपाईत. मार्सेल द्युशां, १९१२, ‘जिना उतरणारी नग्नाकृती, क्र. २’. मला ना बाई दिसली, ना जिना. फळकुटांचा ढीग कोसळतोय, एवढंच दिसलं. पुस्तक शाळेत आणून मी सगळ्या शिक्षकांना हसवलं. न्यूयॉर्कच्या १९१३ सालच्या आर्मरी शोमध्येही लोक असेच हसले होते, ‘फळ्यांच्या कारखान्यातला स्फोट’ म्हणाले होते, हे पुढे वाचलं. तोवर मला माझा विनोद माझाच वाटत होता.

त्याच वर्षी स्मरणचित्राला ‘कबड्डीचा सामना’ विषय दिला. सातवीतल्या एका मुलाने चढाई करणाऱ्या गड्याला पाच पाय काढले. एकापुढे एक, मागचे फिकट, पुढचा ठळक. मी लाल पेनाने तीन पाय खोडले आणि कागद वर्गाला दाखवून विचारलं, “हा माणूस की गोम?” वर्ग हसला. त्या मुलाने एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेचा फॉर्म भरला नाही. का, ते मी विचारलंही नाही.

काही वर्षांनी शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरात एतियन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाची छायाचित्रं पाहिली. चालत्या माणसाचे अनेक क्षण एकाच काचेवर, पायांवर पाय. पुढच्या स्लाइडवर तेच चित्र आलं. जिना दिसला, उतरणंही दिसलं. आणि लाल पेन आठवला.

मग त्या चित्राविषयी मिळेल ते वाचलं. पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला आडवे आले ते अडाणी नव्हते, नव्या वाटेचे घनवादी चित्रकारच होते. चित्र काढून घे, निदान नाव तरी बदल, हा निरोप घेऊन आले द्युशांचे सख्खे भाऊ, दोघेही कलावंत. नाव तर कॅनव्हासवरच रंगवलेलं. चोवीस वर्षांचा द्युशां वाद न घालता टॅक्सीतून चित्र घरी घेऊन गेला. त्या भावांनी निदान एकट्यात सांगितलं. मी भरवर्गात सांगितलं होतं.

पुढे मी एका मुलाला शाळेच्या पायऱ्या सावकाश उतरायला लावून बाकीच्यांना चित्र काढायला सांगू लागलो. भार पुढच्या पायावर नेमका कधी जातो, हे मलाही तेव्हाच दिसायला लागलं, मुलांच्या बरोबरीने. काही मुलांना तर माझ्याआधी दिसलं.

निवृत्तीनंतर लेकीकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा तिने फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात नेलं. चित्र जेमतेम १४७ बाय ८९ सेंटिमीटर. मी ते मनात भिंतभर मोठं करून ठेवलं होतं. तपकिरी, गेरूसारखे रंग. हालचालीची वळणं दाखवणारे बारीक ठिपके, जे त्या छपाईत मला दिसले नव्हते. खाली डाव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत ते न बदललेलं नाव. सवयीने पाय मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. हे त्याच्या वाचनात आलं तर एवढंच सांगायचंय : बाळा, पाय बरोबर होते.