बिनखिळ्याची भिंत

"खिळा ठोकाचा नाही हं बाप्पा, पोपडा निघते," घरमालकीण काकूंनी किल्ली देतानाच बजावलं. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, चुन्याची भिंत. त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं.

मग दाराच्या चौकटीपासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळी ताणली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लटकवले. फुटाळा तलावावरची संध्याकाळ, नऊवारीतली आजी, जुन्या कॅलेंडरातलं कमळ. सुतळीला मधोमध जरासा झोल पडतो, म्हणून मधले फोटो एकमेकांकडे कलतात. मला ते आवडतं. काचेच्या फ्रेममध्ये माणसं शाळेच्या ग्रुप फोटोत उभी केल्यासारखी दिसतात.

संत्र्याच्या लाकडी पेट्या आता कमी झाल्या. तरी चित्र टांगायला एखादी मिळाली तर सोडू नये. तिच्या फळ्यांच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासाव्या, एक चित्राच्या वरच्या कडेला, एक खालच्या, आणि वर दोरी. खालच्या पट्टीच्या वजनानं कागद ताठ राहतो. लाकूड खडबडीत असतं, पण चित्र सुरेख बसतं.

शत्रू एकच, आपला नागपूरचा उन्हाळा. पारा पंचेचाळीसला टेकला की चिकटपट्टी सुटते, आणि कूलरच्या दमट वाऱ्यानं फोटो कडांनी वळतात. कूलरसमोरची भिंत मोकळीच सोडावी.

आणि लटकवायचं चित्र महागडंच हवं असं नाही. चित्र घराघरात स्वस्तात पोचलं ते छापखान्यामुळे. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांच्या भिंतींवर येऊन बसल्या. पण मला त्याहून जवळची वाटते ती जिवती. आषाढी अमावास्येला देवघराजवळ लावायचा एक कागद, आणि एवढ्याशा जागेत केवढी गर्दी! खांब फोडून निघालेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, पोराबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. छपाई अशी की लाल रंग कधी रेघेबाहेर सांडलेला, नरसिंहाचा डोळा गालावर उतरलेला. आईनं शुक्रवारी लावलेलं हळदीकुंकू त्या रंगांत मिसळून जायचं, आणि श्रावण सरेपर्यंत कागद छापखान्याचा कमी, आमच्या घरचा जास्त झालेला असायचा. पुढच्या वर्षी नवा.

स्वस्त चित्र उतरवताना जीव तुटत नाही, म्हणून भिंत बदलत राहते, आणि बदलत्या भिंतीकडे नजर जाते. महागडी फ्रेम एकदा टांगली की वर्षभरात दिसेनाशी होते. असते, पण दिसत नाही.

आषाढ संपत आला की महालात, इतवारीत पूजेच्या दुकानांत जिवतीचे कागद मिळतात. पूजा करत नसलात तरी एक घरी आणा, पोरांच्या उंचीवर लावा आणि विचारा, वाघावर कोण बसलंय सांगा.