पट्ट्यांची कड

रंग देणें म्हणजे रंग लावणें, अशी लोकांची समजूत आहे. आमच्या मतें ती निम्मीच खरी. जेथें रंग लागतां कामा नये ती जागा नीट झांकणें, ही त्या कलेची उरलेली निम्मी, आणि अधिक अवघड, बाजू होय. महाविद्यालयांतील तास आटोपल्यावर आम्ही विमानांच्या लहान प्रतिकृति जुळवून रंगवितों, याचें आमच्या घरांत आतां कोणाला नवल वाटत नाहीं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला याहून वाईट व्यसनें जडतात, एवढ्यावर कुटुंबाची समजूत पटली आहे.

सध्यां आमच्या टेबलावर स्पिटफायर जातीचें विमान आहे. मूळच्या ७२ व्या हिश्शाएवढें. पंखांचा विस्तार सुमारें ६ इंच. त्याच्या पंखांवर व धडाभोंवतीं तीन पांढरे आणि दोन काळे असे पांच पट्टे काढावयाचे. एका इंजिनाच्या खऱ्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद असे, म्हणजे आमचा बरोबर पाव इंच. आधीं सबंध सव्वा इंच जागा पांढरी करावी; ती पुरती वाळली कीं तीन पट्ट्यांवर कागदी चिकटपट्टी लावावी, आणि मोकळ्या राहिलेल्या दोन जागांत काळा रंग भरावा. चिकटपट्टीची मूळची कड स्वच्छ नसते. म्हणून ती कांचेवर ठेवून नव्या पात्यानें कापावी व दांतकोरण्यानें दाबून बसवावी. तरीहि रंग खालीं झिरपतो. त्यावर उपाय असा कीं, काळ्याच्या आधीं त्या कडेवर पांढऱ्याचाच एक पातळ हात द्यावा. झिरपावयाचा तो पांढराच झिरपतो, फट बुजते, आणि मागाहून येणाऱ्या काळ्याला वाट उरत नाहीं. शेवटीं पट्टी उलट दुमडून हळूहळू ओढावी. खालून सरळ रेघ उघडी पडली कीं होणारा आनंद परीक्षेचे गठ्ठे संपल्याच्या आनंदाहून उणा नसतो.

परंतु, वाचकहो, हे पट्टे शोभेकरितां नव्हते. जुलै १९४३ मध्यें रात्रीच्या वेळीं सिसिलीवर आलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैनिकवाहू विमानांवर त्यांच्याच बाजूच्या तोफांनीं मारा केला आणि २३ विमानें पाडलीं. आपला कोण हें खालच्या तोफांवरील माणसांना कळावें, म्हणून नॉर्मंडीवरील स्वारीपूर्वीं, जून १९४४ च्या पहिल्या दिवसांत, हजारों विमानांवर हे पट्टे काढण्याचा हुकूम सुटला. आणि बातमी फुटूं नये म्हणून तो सुटला अगदीं शेवटच्या घटकेला. विमानतळावरील लोकांनीं मिळेल त्या कुंचल्यानें घाईघाईनें रंग फांसला. त्या काळच्या छायाचित्रांत कित्येक पट्ट्यांच्या कडा वेड्यावांकड्या दिसतात.

मग खरी रेघ कोणती, सरळ कीं वांकडी? नीटनेटकेपणा हा आम्हां मास्तरांचा कुळधर्मच. वांकड्या अक्षराचे आम्ही गुणहि कापतों. पण ज्या रेघेवर माणसांचे जीव टांगलेले असतात, ती सरळ नसली तरी चालते. वेळेवर मात्र असावी लागते. तिच्यावर आमच्या फावल्या वेळाचें सौष्ठव चढविलें तर विमान देखणें दिसेल खरें, पण ज्यांनीं तें मूळ रंगविलें त्यांची घाई, आणि त्या घाईमागची काळजी, त्यांतून पुसून जाईल.

म्हणून या विमानाचा पांढरा भाग आम्हीं चिकटपट्टीनें आंखून घेतला आहे, आणि काळे पट्टे मोकळ्या हातानें ओढणार आहों. सरळ रेघेला हात इतका सरावला आहे कीं, जरा वांकडें जाण्याचाच अभ्यास करावा लागत आहे. तूर्त तो रद्दीच्या कागदांवर चालू आहे.